दुसरा बेंजो

"मॅडम, तुम्ही सांगितलंत म्हणून दुसरा बेंजो काढला. आता ऐका."

विलास परबांचा हा मेसेज गुरुवारी सकाळी आला. मी नवा ट्रॅक फोनवरच ऐकला. नीटनेटका झाला होता, आणि त्यातला जीव गेला होता. मला बरं वाटलं. हे बरं वाटणं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मी परळच्या एका स्टुडिओत मिक्सिंग करते. वेगवेगळी रेकॉर्ड केलेली वाद्यं आणि गळे एकत्र बसवून एक गाणं तयार करायचं, हे मिक्सिंग. बावीस वर्षं दुसऱ्यांची गाणी बसवतेय. स्वतःच्याही चाली करते आणि आमच्या ऑनलाइन ग्रुपवर टाकते. ग्रुपचं नाव 'कच्चा माल'. चालवतात शिवाजी पार्कचे लिमये, निवृत्त, शिस्तीचे. त्यांचा नियम असा, की आपला एक ट्रॅक टाकला की दुसऱ्या दोघांना अभिप्राय द्यायचा; कोणाला, ते लिमये ठरवणार. 'छान' लिहायचं नाही, 'बकवास'ही नाही. कितव्या मिनिटाला, काय ऐकू आलं, आणि एक उपाय.

त्या आठवड्यात ग्रुपवर गडबड होती. एका वेब सिरीजचं संगीत बघणारी बाई ग्रुपमध्ये आहे. गोष्ट लालबागची, त्यामुळे शीर्षकसंगीताला इथलाच आवाज हवा होता. ती ग्रुपमधून एक ट्रॅक उचलणार होती. शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत मुदत. मी माझा ट्रॅक दीड महिना घासूनपुसून मंगळवारी सकाळी टाकला होता. खाली तीन-चार जणांनी लिहिलं, 'साउंड एकदम स्वच्छ.' मला आयुष्यभर हेच ऐकायला मिळालंय.

परबांचा ट्रॅक त्यानंतर आला. हे लालबागचे, शिवडीला गोडाऊनमध्ये सुपरवायझर. गणपतीत बेंजो पार्टीत वाजवतात. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेलं तारांचं वाद्य, मिरवणुकीत ट्रकवर कर्ण्यातून वाजतं ते. परबांनी दोन बेंजो आणि एक ढोलकी घरातच रेकॉर्ड केली होती. मागे कुकरची शिट्टीसुद्धा होती. दुपारपर्यंत खाली लोकांची रांग लागली. कोणी लिहिलं, अंगावर काटा आला. लिमयांनी नियम मोडून 'छान' लिहिलं. मी ते वाचलं आणि डबा तसाच बंद केला.

आणि अभिप्रायासाठी माझ्या वाट्याला परबच आले.

मी मंगळवारी स्टुडिओत एकदा ऐकलं आणि लिहिलं, 'एक मिनिट दहा ते एक चाळीस. दोन बेंजो एकमेकांवर चढतात, दोन्ही कळत नाहीत. उपाय: दुसरा काढा.' मिनिट होतं, उपाय होता. नियमात बसणारं होतं. परबांनी हात जोडल्याची खूण टाकली.

शुक्रवारी दुपारी एक क्लायंट आला. जाहिरातीची जिंगल होती.

तो म्हणाला, "ताई, गिटार डावीकडे ठेवली होती ना आपण?"

"डावीकडेच आहे."

"मला मध्येच ऐकू येतेय."

मी बोर्डकडे पाहिलं. मोनोच्या बटणावरचा दिवा लागलेला होता. हे बटण दाबलं की डावा आणि उजवा आवाज एकत्र होऊन मध्ये येतो. साध्या फोनवर गाणं कसं ऐकू येईल, ते तपासायला आम्ही ते दाबतो आणि लगेच सोडतो. मंगळवारी माझा ट्रॅक तपासताना मी दाबलं होतं. सोडलं नव्हतं. मधले दोन दिवस नुसतं डबिंग केलं. एकट्या माणसाचा आवाज मध्येच असतो, त्यामुळे काही कळलं नाही.

क्लायंट गेल्यावर परबांचा जुना ट्रॅक लावला. एक मिनिट दहाला डावीकडचा बेंजो विचारतो, उजवीकडचा उत्तर देतो. मग उजवीकडचा खोडी काढतो, डावा चिडतो. दोन माणसं भांडतायत, हसतायत. मी त्यांना एकाच खुर्चीत कोंबून ऐकलं होतं आणि वर म्हणाले होते, कळत नाही.

बटण राहतं, कोणाचंही राहतं. पण दुसऱ्या कोणाचा ट्रॅक असता, तर 'काढा' लिहिण्याआधी मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं असतं. नेहमी ऐकते. इथे मला दोष हवा होता, तो मिळाला, मी उठले.

घड्याळात पावणेचार. कोणाला कळणार नव्हतं. विचारलंच असतं तर 'लोक फोनवरच ऐकतात' म्हणून निभावलं असतं. माझा ट्रॅकही यादीत होता. दहा मिनिटं मी केबल गुंडाळत बसले. मग फोन केला.

"परब, जुना ट्रॅक आहे का तुमच्याकडे?"

"हाय ना. कशाला?"

"तो सहाच्या आत ग्रुपवर टाका. दुसऱ्या बेंजोसकट."

"आता? अहो, नंद्या दोन दिवस बोलत नाय माझ्याशी. दुसरा बेंजो त्याचा. तीस वर्षं एका ट्रकवर उभे राहिलोय आम्ही. मॅडमनी सांगितलं म्हटल्यावर गप उठून गेला."

"चूक माझी होती. माझ्याकडे एक बटण दाबलेलं राहिलं होतं."

"एवढ्या मोठ्या स्टुडिओत?"

"हो."

मागे ट्रक रिव्हर्स घेतल्याचा आवाज आला.

"मग ग्रुपवर लिवा," परब म्हणाले. "नंद्या सगळं वाचतो. मी सांगितलं तर बोलेल, आता बाता मारतोस."

मी लिहिलं. 'एक मिनिट दहा ते एक चाळीस. मी मोनोवर ऐकलं, पुन्हा तपासलं नाही, कारण ट्रॅक माझ्यापेक्षा चांगला होता. उपाय: दुसरा बेंजो परत घ्या.'

लिमयांचा लगेच फोन. "वैशाली, हे त्यांना खासगीत कळवलं असतं तरी चाललं असतं."

"बेंजो सगळ्यांसमोर काढला होता, लिमये."

"तरी ते 'माझ्यापेक्षा चांगला' कशाला?"

"काय ऐकू आलं ते लिहायचं असतं ना?"

साडेपाचला जुना ट्रॅक गेला. पुढच्या आठवड्यात त्या बाईने तोच घेतला, कुकरच्या शिट्टीसकट. मिक्सिंग माझ्याकडे आलं. हेवा गेला असं म्हणणार नाही. उजवीकडचा बेंजो खोडी काढतो तिथे अजूनही वाटतं, हे मला सुचायला हवं होतं. फक्त आता कोणाच्या कामात दोष सापडून फार लवकर समाधान झालं, की मी आधी बोर्डकडे बघते.

मिक्सिंगच्या दिवशी परबांबरोबर नंद्या आला. पन्नाशीचा, बारीक, तोंडात बडीशेप. बसायच्या आधी म्हणाला, "तां बटण खंयचा?"

दाखवलं. त्याने दोनदा दाबलं, दोनदा सोडलं. मग खुर्ची ओढली.

"तुमच्या ट्रॅकवर मी पण लिवलंय. वाचा सवडीने."

ते गेल्यावर वाचलं. 'चाळीस सेकंदापासून शेवटपर्यंत. सगळे सांभाळून वाजवतात. उपाय: कोणाला तरी चुकू द्या.'

मी माझा ट्रॅक लावला. तीनदा ऐकला. मोनो बंद होता.