गच्चीवरची फळी

हे मी माझ्या सख्ख्या बहिणीलाही सांगितलेलं नाही — आणि तिला तर मी नवऱ्याशी भांडण झालं तरी त्याच दिवशी फोन करते. पण हे नाही. जिभेवर आलं की मी विषय बदलते. मला ते चांगलं जमतं.

गोष्ट एका फळीची आहे. सर्फबोर्ड म्हणतात तिला, लाटेवर उभं राहून घसरत जायची ती लांबलचक फळी. आता डोंबिवलीत, कोपरला, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला ती कशाला हवी? मीही हेच विचारलेलं. आमचे हे आणि आमची लेक केतकी मालवणला एका लग्नाला गेलेले. सासूबाई आजारी, म्हणून मी घरीच. तिथल्या एका लॉजवाल्याच्या पडवीत ती पडून होती. पिवळी पडलेली, टोक फुटलेलं, खालचे पंख मोडलेले. त्याला ती अडगळ, यांना सोनं. आंब्याच्या टेम्पोवर बांधून आणली दोघांनी. उतरवताना खालचे सगळे हसले, मीही हसले. माझं हसणं जरा जास्तच झालं असेल.

हे एमआयडीसीतल्या कंपनीत, रेझिन, म्हणजे वाळून घट्ट होणारं ते चिकट रसायन, यांच्या रोजच्या कामातलं. रोज सकाळी कामावर जायच्या आधी हे, कॉलेजच्या आधी केतकी — दोघं गच्चीवर. आधी पाय घसरू नये म्हणून वर लावलेलं जुनं मेण खरवडलं. मग पाणी शिरून सडलेला आतला फोम कापून काढला आणि तो भाग आठवडेच्या आठवडे सुकू दिला. मग नवा फोम, त्यावर काचकापड, त्यावर रेझिन, आणि मग घासणं. अहो, किती ते घासणं! माझं घर पांढऱ्या भुकटीने भरलं. आणि ही दोघं हसत जिना उतरायची. कशावर हसताय विचारलं की — काही नाही गं आई, तुला नाही कळणार.

नसतंही कळलं. पण सांगून तर बघायचं?

फळीचा एक नियम होता. उन्हात ठेवायची नाही. तापली की आतला फोम फुगतो आणि वरचं कवच सुटतं, हे यांनी माझ्यासमोर केतकीला पुन्हापुन्हा बजावलेलं. म्हणून हे बसला निघाले की फळी टाकीखालच्या सावलीत सरकवायची आणि चादर घालायची, हे केतकीचं काम. चादर माझी होती. न विचारता घेतलेली.

शेवटचा हात मारून झाला आणि रविवारी फळी समुद्रावर न्यायचं ठरलं. जेवताना मी म्हटलं, मी पण येते. यांनी ताटातून वर न बघता विचारलं, "तू काय करणार तिथे?" मनात वाईट काही नव्हतं यांच्या. मला ते आजच कळतं असं नाही, तेव्हाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी कुरडया घालायच्या होत्या. मे महिना, कडक ऊन. दोघं गेल्यावर मी चीक घेऊन वर गेले आणि खाली अंथरायला फळीवरची माझी चादर काढून घेतली. वर्षानुवर्षं मी स्वतःला एवढंच सांगत आले — वाळवणाला चादर हवी होती, काढली. बस.

पण चादर काढली तरी फळी सावलीतच होती ना?

तर — मी ती ओढली. दोन्ही हातांनी धरून, टाकीखालून बाहेर, गच्चीच्या मधोमध, जिथून दिवसभर ऊन हटत नाही. कुरडयांना जागा भरपूर होती, फळीची काही आडकाठी नव्हती. रागाने डोकं फिरलेलं म्हणावं, तर तेही नाही. अगदी शांतपणे ओढली. मग चादरीवर प्लॅस्टिक अंथरून कुरडया घातल्या, त्याही नीट, एकमेकींना चिकटू न देता.

दुपारी उलटायला गेले तर फळी पुरीसारखी फुगलेली. दाबून बघितलं, खाली पोकळ.  अर्धओल्या कुरडया पिशवीत कोंबून कचऱ्यात टाकल्या. चादर झटकली, घडी केली आणि टाकीखाली ठेवून दिली. फळी मात्र तिथेच उन्हात राहू दिली. का? तशी दिसली की केतकीच विसरली असं वाटणार होतं. हे सगळं मला तिथे उभ्या उभ्या सुचलं.

संध्याकाळी केतकी आधी वर गेली. खाली आली ती पांढरीफटक. "आई, मी सकाळी सावलीत ठेवलेली ना गं?" परीक्षा चालू होती तिची, डोक्यात दुसरंच, तिची तिलाच खात्री होईना. मी भाजी चिरत होते. म्हटलं, "मला काय माहीत? मी आज वर गेलेच नाही."

आणि ती रडायला लागली तेव्हा मी तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला. होतं गं असं घाईत, म्हणाले. याहून नीच काय असतं, मला माहीत नाही.

हे तिला एका शब्दाने बोलले नाहीत. फळीवर बोटं वाजवून बघितली, खाली येऊन हात धुतले. पुन्हा दुरुस्त करूया ना बाबा, ती म्हणाली. बघू, हे म्हणाले. मग काही दिवस एकटेच वर जायचे, तिला हाक न मारता. मग तेही थांबलं. सोसायटीने गच्ची रिकामी करायला सांगितली तेव्हा फळी गेली. भंगारवाल्यानेही नको म्हटलं, कचऱ्याच्या गाडीत टाकावी लागली. मला हवं होतं तसंच झालं म्हणा — हसत जिना उतरणारं कुणी उरलं नाही.

केतकी आता ठाण्याला असते, वर्तकनगरला. बापाला फोन करते, पण काय — जेवलात का, गोळ्या घेतल्या का. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे गेलेले. बाहेर निघालो, रिक्षात बसलो, तर ही उतरून परत वर. गॅस बघून आले म्हणाली. बसली, आणि पुन्हा उतरली. आता कुलूप. मी वैतागून म्हटलं, अगं लावलंस, माझ्यासमोर ओढून बघितलंस की. ती ओशाळून हसली.

"माझा काही भरवसा नाही गं आई. तुला तर माहितीये."

तू ठेवली होतीस सावलीत. चादरही घातली होतीस, चारी कोपरे नीट खोचून. एवढंच बोलायचं होतं मला. वाक्य अगदी तोंडात होतं.

मी रिक्षावाल्याला म्हटलं, थांबा हो जरा, येतेच आहे ती. आणि केतकी पुन्हा जिना चढून गेली.