वाइनोच्या गाडीचे मोजे

वाइनो, तुझी बर्फावरची स्नोमोबाइल अजून माझ्याच शेडमध्ये उभी आहे. त्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यापलीकडे माझी बहीण लेम्पी अंथरुणाला खिळली होती, आणि मला तिकडे नेताना तुझी गाडी भुसभुशीत बर्फ इंजिनात ओढून निम्म्या तळ्यावर गुदमरायची. शेवटी तू पुढच्या झाकणाला दोन भोकं पाडून हवा आत घ्यायला मोरीच्या पाइपाचे वाकडे एल्बो बसवलेस आणि माझ्या दारात आलास.

"मास्तरीणबाई, तुमचे पायमोजे द्या. लांब, झिरझिरीत."

"या वयात, वाइनो?"

तू कानापर्यंत लाल झालास. "गाडीला हो! हवा जाईल, बर्फ अडेल. फक्त लाल नकोत, लोक बोलतील."

एल्बोच्या तोंडावर मोजे ताणलेस आणि गाडी एकदाही न खोकता पलीकडे गेली. म्हणून लेम्पीचा हात मला शेवटपर्यंत धरता आला.

मार्चमध्ये ते मोजे फाटले. "शहरात गेलात की नवे आणा, मी चढवतो," म्हणालास. मी आणले, पण तोवर तुझा मुलगा तुला ॲरिझोनाला घेऊन गेला होता. तिथे कसला आलाय बर्फ! मोजे पाकिटासकट तुझ्या गाडीच्या सीटवर ठेवलेत.