गाडीवाटचं चाक

छापखान्याची शाई आणि छापखान्यातले किस्से, दोन्ही एकदा हाताला लागले की रॉकेलनं घासा नाहीतर राखेनं, जात नाहीत. त्यातून काळ निजामाचा, गाव हिंगोली, आणि मासिक मराठी. म्हणजे संशय पाण्यासारखा फुकट! अमीनसाहेबांचा, म्हणजे आमच्या फौजदारांचा, आमच्यावर. वाचकांचा अण्णांवर. माझा तर सगळ्यांवरच, तो स्वभावच आहे.

अण्णा आमचे संपादक. चांगली चालती वकिली सोडून त्यांनी 'गाडीवाट' काढलं. सरकारची इजाजत मिळवायला चपला झिजवल्या. त्यांच्या घरच्या काकू म्हणायच्या, "हे मासिक बंद पडलं तर ह्यांनी अंथरूण धरलंच म्हणून समजा." मी अक्षरांचे खिळे जुळवायचो. कळमनुरीचे रहीमभाई लाकडात चित्रांचे ठोकळे कोरायचे. अण्णांचं एकच वेड होतं. मासिक लांबून ओळखू आलं पाहिजे, वाचता न येणाऱ्यालासुद्धा! म्हणून नावाशेजारी एक चाक.

पहिला अंक निघाला आणि अमीनसाहेबांचं बोलावणं आलं. त्यांनी चाकावर बोट ठेवलं. "ये चरखा है."

अण्णा म्हणाले, गाडीचं चाक आहे, नावच गाडीवाट आहे. शपथ घेतली.

अमीनसाहेबांनी अंक उलटा धरला, सुलटा धरला. "गाडी का है तो बैल किधर हैं?"

परत आल्या आल्या अण्णा रहीमभाईंना म्हणाले, "चाकाला बैल जोडा." मी रहीमभाईंना बाजूला घेतलं. खरं सांगा, तुमी कोरलं काय व्हतं? ते म्हणाले, "अण्णा जैसा बोले वैसा." आता ह्याचा अर्थ काय घ्यायचा!

*

बैल जोडले. गाडी डावीकडून उजवीकडे चालली, आपण वाचतो तशी. पण अमीनसाहेब उर्दू वाचणारे, त्यांची नजर उजवीकडून सुरू होते. ते म्हणाले, गाडी मागे चालली आहे, सरकारला मागे हटा म्हणून सांगता काय?

अण्णांनी गाडी फिरवली. लगेच हट्टा गावचे एक वर्गणीदार अंक घेऊन दारात. "अण्णा, गाडी माघारी काहून चालून राहिली? तुमी बी त्यांच्यातले झाले का?"

अण्णांनी कपाळाला हात लावला. शेवटी तोड काढली, बैल सरळ समोरून दाखवायचे. ना डावे ना उजवे. रहीमभाईंनी जीव ओतून कोरले, डोळे तर असे की आता हंबरतील. अमीनसाहेबांनी अंक बराच वेळ पाहिला, मग हळूच टेबलावर पालथा घातला.

"ये मेरी तरफ क्यूं देख रहे हैं?"

*

रंगाचंही तेच. महायुद्धाच्या दिवसांत मिळेल ती शाई वापरावी लागे. एकदा पिवळी मिळाली. पिवळा निजामाच्या झेंड्याचा रंग, वाचक अण्णांशी बोलेनात. मग हिरवी वापरली, तर आमच्याच गल्लीतले लोक वळून वळून बघायला लागले. भगवी वापरली तेव्हा अमीनसाहेब स्वतः चालत आले. वैतागून अण्णांनी उरलेल्या सगळ्या शाया एकत्र कालवल्या. शेणात चिखल मिसळावा तसला रंग झाला. अमीनसाहेबांनी तोही उजेडात धरला. "ये कौनसी पार्टी का है?"

अण्णा म्हणाले, "अजून निघायची आहे साहेब."

अमीनसाहेब चक्क हसले, आणि आमचा रंग कायमचा ठरला.

*

अण्णांना पानावर मोकळी जागा आवडायची. डोळ्याला विसावा पाहिजे म्हणायचे. एका महिन्यात मजकूर कमी पडला आणि अर्धं पान कोरं गेलं. अमीनसाहेबांनी विचारलं, इथलं काय काढलं? काहीच नव्हतं म्हटलं, तर म्हणे काहीच नव्हतं तर एवढी जागा कशाला?

तेव्हापासून नियम झाला, कोरं काही सोडायचं नाही. जिथं जागा उरेल तिथं मी एकच मजकूर टाकायचो, जुळवून तयारच ठेवला होता: 'पिकावर कीड दिसताच कडुनिंबाचं पाणी फवारावं.'

शिरड शहापूरचा एक शेतकरी भेटला, म्हणाला, तुमच्या पायी लई निंब कुटला बाबा. आणि अमीनसाहेबांनी अण्णांना बसवून घेतलं. दर महिन्याला कीड, दर महिन्याला फवारा. ही कीड म्हणजे नेमकं कोण, सांगा!

*

पुढे तर अंक निघायच्या आधीच अमीनसाहेबांना मजकूर कळायला लागला. म्हणजे घरभेदी! माझा संशय रहीमभाईंवर, त्यांचा माझ्यावर. दोघं एकमेकांना एकटं सोडेनात. मी पाणी प्यायला उठलो की त्यांनाही तहान लागायची. अण्णांनी वाळीत टाकल्यासारखं दोघांशीही बोलणं सोडलं, ते मात्र मनाला फार लागलं.

मग बाजाराच्या दिवशी आम्ही दोघं, एकमेकांवर नजर ठेवत, भज्याच्या गाडीवर गेलो. भजी आली ती पुढच्या अंकाच्या, बिघडले म्हणून आम्हीच रद्दीत घातलेल्या छापील कागदात. शेजारच्या बाकड्यावर अमीनसाहेब बसले होते. भजी संपली होती, कागद वाचणं चालू होतं.

*

निजामाचं राज्य गेलं. अमीनसाहेब कुठे गेले, कळलं नाही. इजाजत मात्र सगळ्यांना नव्यानं घ्यायची होती, म्हणून आम्ही तिघं कचेरीत गेलो. नवे साहेब वऱ्हाडातून आलेले, अंगात खादी. त्यांनी जुने अंक पुढ्यात घेतले आणि कपाळाला आठी घातली. हा कसला रंग? हे बैल कुणाकडे बघतात? निजामाच्या राज्यात तुमचं मासिक चाललंच कसं, बंद का नाही केलं त्यांनी?

मी मनाशी म्हटलं, इतकी वर्षं त्या साहेबापासून वाचवलं, आता आपल्याच माणसाच्या हातून बुडतं की काय!

तेवढ्यात चळतीच्या तळाचा पहिला अंक साहेबांच्या हाताला लागला. बैल नसलेला. ते उठून उभेच राहिले.

"अहो, हा चरखा ना?"

मी रहीमभाईंकडे पाहिलं. रहीमभाईंनी छताकडे पाहिलं. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला.

"आमचे अमीनसाहेब भेटले तर त्यांना विचारा," अण्णा म्हणाले. "सगळ्यांत आधी त्यांनीच ओळखला होता."