तुम्ही ठेवा

आमच्या कंपनीत फोन आपटणारी मी एकटी, आणि फोन न ठेवणारेही एकच. बाकीचे सगळे चार माणसांसारखे फोन ठेवतात.

कंपनी म्हणजे काय, तर चावीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. ज्यांच्याकडे पाच-सहा कॉम्प्युटर आहेत, पण ते बघायला स्वतःचा माणूस ठेवणं जमत नाही, अशा छोट्या धंदेवाल्यांचे कॉम्प्युटर आम्ही सांभाळतो. दातांचा डॉक्टर, लाकडाची वखार, बेकरी, चष्म्याचं दुकान, एकमेकांशी न बोलणारे दोन भागीदार वकील. काही बिघडलं की हे लोक फोन करतात. फोन मी घेते, त्यांची कुरकुर ऐकते आणि आतल्या खोलीत कोणाकडे तरी सरकवते. आतली मंडळी इथे बसून तिथला कॉम्प्युटर चालवतात. उंटावरून शेळ्या हाकू नयेत म्हणतात. म्हणणाऱ्याला म्हणावं, ये आमच्याकडे; आमची चूल त्याच्यावरच पेटते.

तर आतल्या खोलीत, जुन्या कीबोर्डांच्या कपाटाला खेटून जे बसतात, त्यांचं नाव ठेवा. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल. बोलणं संपलं की गिऱ्हाईक विचारणार, "ठेवू का मग?" आणि हे म्हणणार, "हो, तुम्ही ठेवा." स्वतः आधी ठेवल्याचं कोणाला आठवत नाही. म्हणून ठेवा. साहेब तर कोणी नवीन कामाला आलं की त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा आपल्या कंपनीचा ठेवा," आणि स्वतःच्याच कोटीवर हसायचे. आम्हीही हसायचो. साहेबांच्या कोटीवर हसावं लागतं.

माणूस मात्र गरीब गायीसारखा. चष्म्याच्या दुकानातल्या बाईंचा फोन मी घेतला की माझ्या कपाळावर आठी चढते. या बाई समोरचा पडदा बंद करतात आणि म्हणतात कॉम्प्युटर बंद केला. मग सकाळी पडद्याऐवजी खालचा डबा बंद होतो आणि म्हणतात, चालू केला तरी चालू होत नाही. मी असते तर म्हटलं असतं, बाई, आधी स्वतःचा चष्मा बदला. ठेवा म्हणायचे, "काही बिघडलेलं नाही. पडद्याच्या खाली उजव्या हाताला एक बारीक दिवा आहे, दिसतोय? कोणत्या रंगाचा आहे?" रोज तोच दिवा, रोज तोच रंग. पालथ्या घड्यावर पाणी, पण हे तितक्याच प्रेमाने ओतत राहायचे. शेवटी बाई म्हणायच्या, "तुम्ही होतात म्हणून. ठेवते हं." आणि हे, "हो, तुम्ही ठेवा."

आम्हाला सगळ्यांना वाटायचं, काय हा सभ्यपणा. मलाही वाटायचं. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला दुसऱ्याच्या सभ्यपणाचा जरा रागच येतो, तो भाग वेगळा.

एकदा दुपारी वकिलांपैकी एकाचा फोन आला, ठेवांशीच बोलायचं म्हणून. ठेवांची लाइन लागलेली दिसत होती. आत नजर टाकली तर ठेवा गप्प बसलेले. म्हटलं, यांचं बोलणं झालं असेल आणि लाइन तशीच राहिली असेल. माझ्या फोनवरून कुठल्याही लाइनवर जाता येतं. बटण दाबलं आणि कानाला लावलं.

वखारवाल्यांचं घर होतं ते. त्यांचं ऑफिस घराच्या पुढच्या खोलीतच आहे. म्हाताऱ्याने फोन टेबलावर ठेवला होता, पण बंद करायला विसरला होता. मागे कोणीतरी बादलीत पाणी ओतत होतं. सून विचारत होती, "बाबा, किल्ली कुठे ठेवलीत?" म्हातारा म्हणाला, "मी कशाला ठेवू? तुझ्या सासूला विचार." सासू लांबून म्हणाली, "माझं नाव घेतल्याशिवाय घास उतरत नाही यांना." मग भांडं पडलं, मग कोणीतरी हसलं.

मी मान वळवून पुन्हा आत पाहिलं. ठेवांनी हेडफोन कानाला दाबून धरला होता. आपला आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून तिथलं बटण दाबलेलं. डोळे मिटलेले. किल्ली सापडली तेव्हा यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, जणू घरातलीच किल्ली.

माझं डोकंच फिरलं. आत गेले आणि हेडफोन काढायला लावला. "अहो, लाज नाही वाटत? लोक विश्वासाने फोन करतात आणि तुम्ही त्यांच्या घरात कान लावून बसता? म्हणून तुम्ही ठेवा, तुम्ही ठेवा चाललेलं असतं होय?"

ते लगेच उठून उभे राहिले. शाळेत बाईंनी पकडल्यावर पोरं राहतात तसे.

"चुकलं, ताई," म्हणाले. "पण काय बोलतात ते नाही हो ऐकत. विचाराल तर सांगताही येणार नाही. नुसता आवाज असतो."

"घरी रेडिओ लावा की मग."

"लावून पाहिला. रेडिओ माझ्याशी बोलतो. मला माझ्याशी न बोलणारं कोणीतरी हवं असतं." मग म्हणाले, "आई दिवसभर बोलायची. माझ्याशी नाही, भांड्यांशी. झाकणाला रागवायची, नळाला टोमणे मारायची. मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचो. तिच्याकडे लक्षसुद्धा नसायचं माझं."

त्यांच्या आई गेल्या तेव्हा आम्ही सगळे त्या घरी जाऊन आलो होतो. दोन खोल्या, लख्ख पुसलेल्या. स्वयंपाकघरात एका बाजूला टेबल, त्याला दोन खुर्च्या. मी तेव्हा सहज विचारलं होतं, जेवणाचं काय करता? म्हणाले, "एकट्यासाठी ताट वाढून बसायला कसंतरीच होतं, ताई. ओट्यापाशी उभ्यानेच काहीतरी खातो." तेव्हा मला त्याचं काही वाटलं नव्हतं. आमच्या घरी मासळीबाजार. सासूबाई, दोन पोरं, आणि आमचे हे, ज्यांना शेजारच्या खोलीतल्या माणसाशीही डोंगरावरून बोलल्यासारखं बोलायची सवय. मला कोणी उभ्याने, एकटीने, गपचूप खायला दिलं तर मी त्याच्या पाया पडेन, असं मनात आलं होतं.

चूक ती चूकच. मी तसं ऐकवलं आणि साहेबांना सांगणार म्हणून दमही भरला. सांगितलं मात्र नाही. त्यानंतर ठेवा आपणहून आधी फोन ठेवायला लागले. चष्मेवाल्या बाईंनी मला विचारलं, "त्यांना माझा राग आलाय का हो?"

पुढे साहेबांनी फोनच बंद केले. म्हणजे नवीन गिऱ्हाइकांसाठी माझा एक राहिला. बाकी सगळं खिडकीत. कॉम्प्युटरवर एक छोटी खिडकी उघडते, गिऱ्हाइकाने तिथे तक्रार लिहायची, आपण तिथेच उत्तर लिहायचं. एक माणूस एका वेळी तिघांशी लिहू शकतो. आतली खोली इतकी शांत झाली की खालच्या चावीवाल्याची कानस वर ऐकू यायला लागली.

पहिल्याच आठवड्यात ठेवांनी दातांच्या डॉक्टरांचा प्रिंटर बोलता केला आणि शेवटी सवयीने लिहिलं, "तुम्ही ठेवा." पलीकडून डॉक्टरांच्या मदतनीस मुलीने लिहिलं, "काय ठेवू? कुठे?" तिने पुन्हा लिहिलं, "प्रिंटर टेबलावरच ठेवलाय, चालेल ना?" सगळं ऑफिस हसून लोटपोट झालं. तेही हसले. मग त्यांनी ते पुसायला घेतलं, पण लिहून पाठवलेलं पुसता येत नाही. त्यांना ते माहीत होतं, तरी कितीतरी वेळ प्रयत्न करत होते.

त्यानंतर माणूस आटतच गेला. काम चोख, पण दुपारचा खाणावळीचा डबा भरलेला परत जायचा. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघायचं ते "ताई, येतो" एवढंच, तेही घसा खाकरून, वापरात नसलेलं दार उघडावं तसं. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "त्यांच्यापुरती एक लाइन चालू ठेवा. जुन्या लोकांना बरं पडेल."

साहेब म्हणाले, "ताई, जुन्या लोकांनाच लिहिणं आवडायला लागलंय. वखारवाले तर हसरे चेहरे पाठवतात."

मेला तो म्हातारा आणि मेले त्याचे हसरे चेहरे.

आणि मग ठेवा यायचे बंद झाले. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. साहेबांना दोन ओळींचा निरोप: प्रकृती ठीक नाही. कोणाला काही वाटलं नाही; खिडकीत दुसरं कोणीतरी लिहीत होतंच. मी दुपारी फोन केला.

"काय होतंय?"

"काही नाही, ताई. बरा आहे." आवाज ओळखू येईना. "सकाळी उठावंसं वाटत नाही. उठून काय ऐकायचं?"

मी एरवी असल्या बोलण्यावर चार शब्द सुनावते. त्या दिवशी मात्र भीती वाटली, खरं सांगते. हा माणूस असाच अंथरुणात पडून राहील आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही, अशी सरळ सरळ भीती. मी तसाच फोन ठेवला. आपटला नाही.

संध्याकाळी घरी गेले. आमच्या पोरांचा कॉम्प्युटर स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे. त्याची मागची वायर मी उपसली आणि ठेवांना फोन लावला.

"अहो, आमचा कॉम्प्युटर अडून बसलाय. पोरांचा अभ्यास खोळंबलाय." पोरं टीव्हीसमोर लोळत होती.

पलीकडे जरा हालचाल झाली. "दिवा लागतोय का?"

"नाही."

"मागे हात घालून बघा. एखादी वायर सैल झाली असेल."

मी खोचली. कॉम्प्युटर सुरू झाला. मग ते हळूच म्हणाले, "ताई, इतकी वर्षं कंपनीत काढलीत. वायर बघायची असते, हे तुम्हाला माहीत नाही?"

"विसरतं माणूस," मी म्हटलं. "तुम्ही नाही विसरत? खिडकीत 'तुम्ही ठेवा' कोणी लिहिलं होतं?"

ते हसले. थोडंसंच, पण हसले. मागे आमचे हे ओरडले, "कोणाचा फोन आहे?" मी ओरडले, "कंपनीचा." सासूबाई म्हणाल्या, कंपनीला म्हणावं जेवणाची वेळ झाली.

"ठेवू का?" मी विचारलं.

"हो ताई, तुम्ही ठेवा."

"ठेवते," मी म्हटलं.

आणि ठेवला. ओट्याजवळच्या फळीवर, डब्यांच्या मधे, उलटा टेकवून ठेवला. बंद मात्र केला नाही.

मग मी ताटं घेतली. धाकट्याने थोरल्याची वाटी पळवली म्हणून रडारड झाली. सासूबाईंना भाजीत मीठ कमी लागलं, यांना जास्त लागलं, आणि दोघांनी मिळून मला धारेवर धरलं. मीही तोंडाचा पट्टा सोडला. झाकण पडलं तर त्याला शिव्या दिल्या, नळ गळत होता तर त्यालाही सोडलं नाही. कुकरने मधेच शिट्टी घातली. रोज होतं तेच सगळं, मीठसुद्धा रोजच्याइतकंच होतं.

दुसऱ्यांदा वाढायला उठले तेव्हा फळीपाशी गेले. वाटलं, त्यांनी कधीच बंद केला असेल. फोन उचलून कानाला लावला.

लाइन चालू होती. आपला आवाज बंद करायचं बटण या वेळी त्यांनी दाबलं नव्हतं. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग ताटाला चमचा लागला. ठेवा बसून जेवत होते.

फोन होता तिथे परत ठेवला आणि मीठ घेऊन गेले.