चौकशीला आलेलं पावणं

मागच्या मंगळवारी पुण्याला कोर्टात माझी तारीख होती. त्यासाठी भरूचहून कंपनीत रजा टाकून आलो होतो... शाळेत मी फार टिकलो नाही, लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या.

केस अपघाताची. तीन वर्षांपूर्वी पुणे-नाशिक रस्त्यावर पेठजवळ राँग साइडने आलेल्या टेम्पोने आम्हाला उडवलं. मोटरसायकल मी चालवत होतो, मागे बाळू होता, माझा लहानपणापासूनचा दोस्त. बाळू जागेवर गेला. माझं नुसतं खांद्याचं हाड मोडलं.

खांदा दोन महिन्यांत जुळला. पण ट्रकचा हॉर्न वाजला की मी आहे तिथं खाली बसतो... अजून. गाडीला किक मारायला पाय उचलत नाही. एका जागी जीव रमत नाही म्हणून आतापर्यंत चार कंपन्या सोडल्या.

पुण्याच्या डॉक्टरांनी मनाला धक्का बसलाय असं लिहून दिलं, गोळ्या दिल्या. घरच्यांनी आमच्या गावात, आळ्यात मात्र "खांदा दाखवायला नेतोय" असंच सांगितलं. लग्नाचं पोरगं डोक्याच्या डॉक्टरकडं जातंय म्हटल्यावर मुलगी कोण देणार?

वकीलसाहेब म्हणाले, मनाच्या धक्क्याची पण भरपाई मागता येते. मला पैशाचं एवढं नव्हतं राव. गावात सगळे म्हणायचे, याला काय झालंय, धडधाकट तर आहे... बाळूच्या घरचे पण. हे नाटक नाही असं कोणीतरी साहेबाने कागदावर लिहावं, एवढंच पाहिजे होतं.

दिवाळी झाली आणि आईचा फोन आला. एवढी खुशीत खूप दिवसांनी होती.

"आरं, पावणं आलं व्हतं. तुझी लई चौकशी केली!"

आमच्याकडं सोयरीक बघायची तर मुलीकडचे आधी एखाद्याला पाठवतात. तो कशाला आलाय ते सांगत नाही. चहाच्या टपरीवर, शेजारी, मग घरी, असं गोल गोल विचारत फिरतो. आणि आपण ओळखलंय हे आपणही दाखवायचं नसतं. पोराचे गुण तेवढे सांगायचे.

"मुलगी कुठली?" मी विचारलं. खोटं कशाला बोलू, मला पण गुदगुल्या झाल्या होत्या.

"ते काय बोललं न्हाई. पण मानूस चांगला वाटला. दोन बशा पोहं खाल्लं."

महिनाभर निरोपाची वाट बघितली. काही आलं नाही. वाटलं, पसंत नसेल पडलं.

मंगळवारी मी, माझे वडील अण्णा आणि भावकीतले एक चुलते कोर्टात गेलो. टेम्पोच्या विमा कंपनीच्या वकिलाशेजारी शर्ट इन केलेला एक माणूस बसला होता. त्याला बघून माझ्या बापाने चक्क हात जोडले.

"रामराम पावणं! तुमी हिकडं कसं काय?"

तो माणूस खाली बघायला लागला. मला काही कळेना. कळलं ते त्यांच्या वकिलाने त्याचा रिपोर्ट वाचून दाखवला तेव्हा... तो विमा कंपनीचा तपास करणारा होता.

टपरीवाला म्हणाला होता, असा ड्रायव्हर पंचक्रोशीत नाही. शेजारचे तात्या म्हणाले, मोटरसायकल काय, ट्रॅक्टर पण हसत हसत चालवतो. आणि खुद्द वडिलांचं म्हणणं... मुलगा आनंदी असतो, पडल्या पडल्या घोरतो, खांदा जुळल्यापासून डॉक्टरची पायरी चढायची वेळ कधी आली नाही.

सगळं माझ्या भल्यासाठी बोललेलं. एक एक वाक्य माझ्यावरच पडत होतं.

अण्णा न बोलावता उभे राहिले. "सायेब, मी खोटं बोललो." शिपायाने गप्प केलं. मग आमच्या वकिलांनी परवानगी मागून त्यांना पिंजऱ्यात उभं केलं.

"पोराचं लगीन जमावं म्हनून बोललो, सायेब. हॉर्न वाजला की खाली बसतोय त्यो. बाळूनं हाक मारली म्हनतो अन् भाईर पळतो. आमी झाकून ठिवलं."

कंपनीच्या वकिलाने विचारलं, "तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय?"

अण्णांनी आधी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "तवा." मागे दोघं-तिघं हसले.

निकाल अजून लागायचाय. वकीलसाहेब म्हणाले, मनाच्या धक्क्याचं आता धरून चालू नको, माणूस दोन्हीकडून बोलला की साहेब कशावर विश्वास ठेवणार? चुलत्यांनी त्याच संध्याकाळी गावभर केलं. आई दोन दिवस दळणाला पण बाहेर पडली नाही.

गुरुवारी अण्णा मला सोडायला आळेफाट्यावर आले. माझ्यामुळं माणूस एवढा वाकलेला मी पहिल्यांदा बघितला. नाशिककडं जाणारा एक ट्रक हॉर्न देत आला आणि मी बसलो... भर स्टँडवर, बॅग छातीशी धरून.

आधी असं झालं की अण्णा मोठ्यानं म्हणायचे, "चप्पल तुटली का रं?" लोकांना ऐकू जावं म्हणून. या वेळी ते माझ्या शेजारी खाली बसले, धोतर धुळीत. माझा दंड धरून ठेवला.

ओळखीचा एक जण थांबला. "काय अण्णा, पोरगं आजारी हाये का काय?"

"व्हय," अण्णा म्हणाले. "आजारी हाये."

कोर्ट काय लिहील ते लिहो. माझ्या बापाने ते चार माणसांत सांगितलं, आणि त्याची काय किंमत मोजली ते मला माहीत आहे... अण्णा, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमचे लई उपकार आहेत.