सखाच्या लोहाच्या गोळ्या

कडावचा सखा सायकलला दोन किटल्या अडकवून रोज पहाटे कर्जतला दूध घालायचा. १९६८ साली त्याच्या पोटातल्या अल्सरमधून रक्त जाऊ लागलं. शौचाला डांबरासारखं काळं झालं आणि तो गोठ्यातच कोसळला. मुंबईच्या इस्पितळात त्याचं अर्ध्याहून जास्त जठर काढून टाकलं. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, "पुन्हा काळं दिसलं तर तडक या."

तीन वर्षं बरी गेली. मग साध्या चढावर धाप लागू लागली. ओठ पांढुरके झाले, नखं खोलगट झाली, आणि सखा खिशात कच्चे तांदूळ घेऊन दिवसभर चघळू लागला.

"अवो, गरवार बाईवानी काय हे डोहाळे?" बायको गोदा म्हणाली. सखा हसला, पण तांदूळ सुटले नाहीत.

कर्जतच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. धाप आणि तांदळाची ओढ, दोन्ही अंगातलं लोह घटल्यामुळे होतं. जठर कमी झाल्यावर अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही, म्हणून त्यांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. तिसऱ्या दिवशी सखा शेताकडून परतला तो घामाघूम होऊन. पुन्हा काळं झालं होतं. सांगितलं तर उरलेलं पोटही कापतील, या भीतीने तो गप्प राहिला. गोळ्या त्याने पेंढ्यात खुपसल्या. दोन दिवसांत काळं थांबलं. त्याला वाटलं, वाचलो.

दोन महिन्यांनी तो सायकलसकट रस्त्यात पडला. गोदाने त्याला टेंपोत घालून दवाखान्यात नेलं.

"गोळ्या घेता ना?" डॉक्टरांनी विचारलं.

सखा खाली बघत म्हणाला, "नाय. काळं झालं. मी भ्यालो."

"लोहाने काळं होतंच, सखाभाऊ," डॉक्टर म्हणाले. " मी आधी सांगायला हवं होतं. चूक माझी." तरी त्यांनी शौच तपासून घेतलं. रक्त नव्हतं.

"इतके दिस मला बी नाय सांगितलंत?" गोदा एवढंच बोलली.

आधी इंजेक्शनं झाली, मग पुन्हा गोळ्या. त्या लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायच्या, चहाबरोबर नाही; चहाने लोह अंगी लागत नाही. गोळी पोटात गेल्यावर तासभर गोदा चुलीवर चहाचं आधणच ठेवत नसे. चार महिन्यांत सखा पुन्हा दूध घालू लागला.

गोळ्या जन्मभरच्या होत्या. बरं वाटलं की सखा त्या सोडून द्यायचा आणि धाप लागली की पुन्हा दवाखान्याच्या बाकावर जाऊन बसायचा. गोदा सोबत असायची, पण वाटेत बोलायची नाही.