आत्या कुठल्या बाजूला

आमच्या चर्चच्या मंडळीत कुणाच्या घरचं माणूस गेलं की सांत्वनाला येणारे चहा संपायच्या आत एक प्रश्न विचारतातच. तारण झालं होतं ना, म्हणजे प्रभूला मानून आत्मा वाचला होता ना? ताप उतरला होता ना, असं विचारावं तसं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हाही एका बाईंनी विचारलं. सासूबाईंनी बाप्तिस्मा घेतला नव्हता हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, तरी विचारलं. मी मुळात तोंडाची फटकळ. म्हटलं, बाई, तुमचं झालंय का ते आधी बघा. त्यांनी कप तसाच ठेवला आणि गेल्या. नवरा म्हणाला, अगं, असं बोलतात का? म्हटलं, बोलतात.

सासूला मी आत्या म्हणायची. आमच्याकडे तसंच म्हणतात. मी मिरजेची, जन्माची ख्रिस्ती, आई दवाखान्यात नर्स, मीही नर्स. नवरा जत भागातला, मेंढपाळ धनगराच्या घरातला. भावाच्या औषधपाण्यासाठी मिरजेत आला, दवाखान्यातच कामाला लागला आणि पुढे आपणहून बाप्तिस्मा घेतला. ना कुणी बोलावलं होतं, ना कुणी ढकललं होतं. गावी जाऊन आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुला देव गावला, चांगलं झालं. येळंवर जेवतोस का?"

सासरे गेले आणि आत्या आमच्याकडे आल्या. बरोबर घोंगडं, काठी आणि बिरोबाच्या भंडाऱ्याची डबी. सकाळी भंडारा कपाळाला लावायच्या आणि संध्याकाळी आमच्या प्रार्थनेला मांडी घालून बसायच्या. त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. मला आधी वाटायचं, मग वाटेनासं झालं. जेवणाआधीची प्रार्थना लांबली की मात्र त्या मोठ्यानं म्हणायच्या, आधी पोटोबा मग विठोबा. मला हसू यायचं, ह्यांना राग यायचा.

ह्यांच्या जिवाला एकच घोर होता. न्यायाच्या दिवशी प्रभू सगळ्यांना समोर उभं करणार, आपण एकीकडे आणि आई दुसरीकडे असं झालं तर? हे ते कुणापुढे बोलून दाखवत नसत, पण प्रार्थनेत रोज एक वाक्य ठरलेलं, प्रभू, माझ्या आईला तुझ्या बाजूला घे. आत्या शेजारीच बसलेल्या असायच्या, ऐकायच्या, पण कधी विचारलं नाही की बाबा, कुठली ही बाजू.

मग ह्यांना एक युक्ती सुचली. आई मेंढरांतली, तिला मेंढरांचंच वाचून दाखवावं. मोबाईलवर अक्षरं मोठी करून रोज एक उतारा. हरवलेलं मेंढरू झालं, चांगला मेंढपाळ झाला. आत्या खूश. हरवलेल्या मेंढराला खांद्यावर घेतलं म्हटल्यावर त्यांनी आपल्या सासऱ्यांची अशीच गोष्ट सांगितली आणि ती आमच्या वाचनापेक्षा लांबली. आमच्या ह्यांना वाटलं, आता आई आलीच.

आणि एका संध्याकाळी माझ्या शहाण्या नवऱ्यानं न्यायाच्या दिवसाचा उतारा काढला. राजा सिंहासनावर बसतो, मेंढपाळ मेंढरं आणि शेळ्या वेगळ्या करतो तशी माणसं वेगळी करतो, मेंढरं उजवीकडे, शेळ्या डावीकडे. हे अगदी रंगात येऊन वाचत होते. मेंढरांसाठी राज्य. शेळ्यांसाठी आग, हे पुढचं त्यांनी आधीच सांगून टाकलं.

"थांब," आत्या म्हणाल्या. "शेळ्यांनी काय केलं?"

हे गडबडले. म्हणाले, आये, ते उदाहरण आहे. पण आत्यांचा चेहरा लाल झाला होता. हे तान्हे असतानाची हकीकत त्यांनी सांगितली. मेंढरं घेऊन बिऱ्हाड कराड-पाटणच्या बाजूला निघालं होतं, वाटेत आत्यांना ताप आला, अंगावरचं दूध आटलं. गाव लांब, माणूस नाही. कळपातल्या एका शेळीच्या दुधावर हे पोर जगलं. हे सांगून त्या उठल्या.

"ज्या शेळीच्या दुधावर ह्यो वाढला, ती आगीत? मग त्या तुमच्या राजाला सांगा, मला बी तिच्याच बाजूला हुभं करा."

आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. वाचन तिथंच राहिलं.

मला हसू आवरेना. ह्यांच्याकडे बघितलं आणि हसू पळालं. माणूस पांढरा पडला होता. माझ्यासाठी तो म्हातारीचा राग होता, पण ह्यांच्यासाठी त्यांच्या आईनं शास्त्र समोर असताना आपल्या तोंडानं डावी बाजू मागून घेतली होती. त्या दिवसापासून आत्या प्रार्थनेला बसल्या नाहीत. आम्ही डोळे मिटायचो, त्या पायरीवर काठी घेऊन.

चर्चच्या पाळकसाहेबांना बोलावलं. चांगले गृहस्थ, आवाज न चढवता बोलणारे. त्यांनी समजावलं, आजी, शेळ्या म्हणजे खरोखरच्या शेळ्या नव्हेत, वाईट वागलेली माणसं. आत्या म्हणाल्या, मग माणसांचं नाव घ्यावं, मुक्या जनावराला कशाला बदनाम करायचं. पाळकसाहेब हसले, दोन कप चहा प्यायले, आणि जाताना ह्यांना म्हणाले, न्याय करणारा तो आहे, आपण नाही, तू आईवर प्रेम कर. बोलणं सोनं होतं, पण पालथ्या घड्यावर पाणी. ह्यांची जेवणावरची वासना गेली. रागाच्या भरात मी एकदा बोलले, तुमच्या देवापेक्षा तुम्हालाच न्याय करायची घाई झालीये. ते ताट सारून उठले.

आत्यांचं मात्र मजेत चाललं होतं. त्यांचा दिवस दवाखान्याच्या बाहेर जायचा. तिथं झाडाखाली पेशंटची माणसं बसलेली असतात, कुणी आटपाडीची, कुणी पार अथणी-चिकोडीकडची. मेंढरांमागं कर्नाटकात फिरल्यामुळं आत्यांना कानडी यायचं. सकाळी फडक्यात भाकरी बांधायच्या आणि जायच्या. विचारलं तर म्हणायच्या, घरात करमत न्हाई, जरा बोलाय जाते. बोलायला जाताना एवढ्या भाकरी कशाला, असं मी विचारायची. पिठाच्या डब्यावरून आमचं वाजायचंही. काय करायच्या तिथं, हे खरं सांगायचं तर आम्हा दोघांनाही नीट माहीत नव्हतं. नोकरीत असताना मी आतल्या खाटांकडे बघायची, बाहेरच्या झाडाकडे कोण बघतं.

गेल्या वर्षी आत्या मोरीत पडल्या, खुबा मोडला. वय झालेलं, ऑपरेशन झेपणार नव्हतं. घरीच ठेवलं. मी पाठ पुसायची, कूस बदलायची, आणि त्या मला "शिस्टर" म्हणून चिडवायच्या. हे उशाशी बसून राहायचे. त्यांच्या मनातलं मला कळत होतं. आता दिवस थोडे, आणि आई डावीकडेच.

एका दुपारी दारात एक बाई आली. तासगावची मुसलमान बाई, हातात केळी. पत्ता विचारत विचारत आली होती. म्हणाली, धनगराची म्हातारी इथंच राहते का? आत आली आणि आत्यांचे पाय धरून रडायला लागली. तिचा नवरा कितीतरी दिवस दवाखान्यात होता. ती एकटी झाडाखाली. आत्या तिला रोज भाकरी द्यायच्या, रात्री थंडी वाजते म्हणून आपलं घोंगडं देऊन आल्या होत्या. नवरा गेला त्या दिवशी तिच्या घरचं कुणी येईपर्यंत तिला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. घोंगडं हरवलं म्हणून मी आत्यांना बोलले होते, ते हेच.

आत्या तिच्याकडे बघत राहिल्या. ओळख पटेना.

"मी? मी कवा गं दिलं तुला? दुसरं कोण तरी आसंल बाई."

ती सांगत होती, तुम्हीच, तुम्हीच. आत्या मान हलवत होत्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. इतक्या जणांत ही कुठली आठवणार?

हे पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. तो खाली ठेवला आणि मोबाईल काढला. त्या दिवशी आम्ही जिथं थांबलो होतो तोच उतारा त्यांनी काढला आणि मला दाखवला. उजवीकडच्यांना राजा म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही जेवू घातलंत; उघडा होतो, पांघरूण दिलंत. आणि ते उजवीकडचे चक्रावून विचारतात, आम्ही कधी दिलं? त्यांनाही ठाऊक नसतं. जन्मभर हे वचन ऐकलं मी, पण त्या "कधी"वर माझी नजर कधी ठरलीच नव्हती.

ह्यांना रडू फुटलं. मलाही. त्या बाईला वाटलं आपल्याच दुःखानं रडताहेत, ती आम्हाला धीर द्यायला लागली.

पुढं काही दिवसांनी आत्या गेल्या. गावी नेलं, माळावर सासऱ्यांच्या शेजारी माती दिली. पाळकसाहेब आले होते, चपला काढून भावकीत उभे राहिले. अशी सासू मला दिली म्हणून मी देवाचे रोज आभार मानते, आणि तिच्या तारणाचं विचारायला येणाऱ्यांचा मला रागच येतो, तो जाईल असं वाटत नाही.

पण त्या दुपारनंतरची संध्याकाळ मला राहून राहून आठवते. आम्ही खाटेशीच प्रार्थनेला बसलो. मी वाट बघत होते त्या ठरलेल्या वाक्याची, प्रभू, माझ्या आईला तुझ्या बाजूला घे. ह्यांनी आईचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाले,

"प्रभू, त्या दिवशी माझी आई जिथं उभी असेल, तिथं तिच्याजवळ मला जागा दे."

मी आमेन म्हटलं. आत्यांना झोप लागली होती, त्यांनी काही ऐकलं नाही.